गुपित हवे, माणूस नको

जून 2013 च्या मध्यावर प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने लोकांची मते अजमावली. एडवर्ड स्नोडेन या तरुण कंत्राटी तंत्रज्ञाने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या पाळतीची गुप्त कागदपत्रे वर्तमानपत्रांच्या हाती दिली होती. पहिली बातमी छापून येऊन तेव्हा जेमतेम दीड आठवडा झाला होता. हे उघड झाल्याने लोकांचे हित झाले की अहित, या प्रश्नावर 49 टक्के म्हणाले हित, 44 टक्के म्हणाले अहित. पुढचा प्रश्न होता, सरकारने या माणसावर खटला भरावा का? 54 टक्के म्हणाले, भरावा. 49 आणि 54 यांची बेरीज शंभराच्या वर जाते. म्हणजे काही लोकांनी तरी एका दमात दोन्ही सांगितले: याने सांगितले ते बरे झाले, आणि याला शिक्षा करा.

या विसंगतीला हसणे सोपे आहे. पण हे दोन आकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथेच या पुस्तकाचा विषय आहे. जागल्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची आत्मचरित्रे आहेत, त्यांच्यावर चित्रपट निघाले आहेत. त्यांनी फोडलेली गुपिते वाचून, चहाचा कप खाली ठेवून, ‘बापरे’ म्हणून कामाला लागणाऱ्या आपल्यासारख्यांवर मात्र फार थोडे लिहिले गेले आहे. पुढच्या पानांत आरोपी असलाच तर तो वाचक आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सरकारी गुपित फोडणाऱ्याकडे लोक कसे पाहतात, हे त्याने काय फोडले यावर कमी ठरते. गुपित कोणाचे होते, त्या वेळी गादीवर कोण बसले होते, आणि भीती आपल्या दारापासून किती दूर होती, यावर ते जास्त ठरते. शिवाय बहुतेक ठिकाणी समाज गुपित ठेवून घेतो आणि माणूस परत पाठवतो.

नव्या वाचकासाठी काही फरक आधीच स्पष्ट केलेले बरे. परकीय सत्तेला पैशासाठी किंवा निष्ठेपोटी माहिती पुरवणारा तो हेर. स्वतःच्या राजकीय सोयीसाठी पत्रकाराच्या कानात कुजबुजणारा मंत्री किंवा सचिव हा वेगळा प्राणी. कोणत्याही राजधानीच्या शहरात तो विपुल आढळतो आणि त्याला सहसा काही होत नाही. अमेरिकी कायदेपंडित डेव्हिड पोझेन यांनी 2013 मध्ये एका दीर्घ निबंधात दाखवून दिले, की सरकारे गळतीविरुद्ध कितीही गर्जना करोत, बरीचशी गळती त्यांना हवीच असते. जागल्या या दोघांहून निराळा. तो आतला असतो, चूक किंवा गुन्हा पाहिल्याचा त्याचा दावा असतो, आणि तो ते लोकांना किंवा लोकांच्या प्रतिनिधींना सांगतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र या तिघांना अनेकदा एकाच कलमात कोंबलेले असते. अमेरिकेचा 1917 चा हेरगिरी कायदा आणि आपल्याकडचा 1923 चा शासकीय गुपिते कायदा, दोन्ही मुळात हेरांच्या भीतीतून आले. त्याच जाळ्यात पुढे पत्रकार आणि कारकूनही अडकू लागले.

इतिहासाची सुरुवात सौजन्याने झाली होती, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. अमेरिका इंग्रजांशी लढत असतानाच काही खलाशांनी आपल्या आरमारप्रमुखाविरुद्ध, ईसेक हॉपकिन्सविरुद्ध, तक्रार केली. त्याने त्यांतल्या दोघांवर दावा लावला. 30 जुलै 1778 रोजी तिथल्या काँग्रेसने ठराव केला, की गैरप्रकार कळवणे हे सेवकांचे कर्तव्यच आहे, आणि खलाशांच्या बचावाचा खर्चही उचलला. तेव्हा राज्य लहान होते, गुपितेही लहान होती. राज्ययंत्र वाढले, फायली वाढल्या. नोकरशाहीला गुप्ततेची ओढ स्वभावतःच असते, हे माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवून ठेवले आहे. दोन महायुद्धे आणि शीतयुद्ध यांनी त्या ओढीला देशप्रेमाचा पोशाख चढवला.

आजच्या अर्थाने हा विषय उभा राहिला 1971 साली, आणि त्या सालावर थोडे रेंगाळायला हवे.

डॅनियल एल्सबर्ग हे हार्वर्डचे पदवीधर, मरीन दलातले माजी अधिकारी, संरक्षण खात्यासाठी काम करणाऱ्या रँड संस्थेतले विश्लेषक. व्हिएतनाम युद्धात अमेरिका कशी ओढली गेली याचा एक गोपनीय इतिहास संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी लिहवून घेतला होता: 47 खंड, सुमारे 7,000 पाने. एल्सबर्ग यांनी 1969 मध्ये अँथनी रुसो या सहकाऱ्याबरोबर रात्री जागून त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या. आधी ते सिनेटरांकडे गेले, पण ती पाने जाहीर करण्याची तयारी कोणी दाखवली नाही. 13 जून 1971 ला न्यूयॉर्क टाइम्सने ती छापायला सुरुवात केली. लागोपाठ चार राष्ट्राध्यक्षांनी जनतेला एक सांगितले आणि बंद दाराआड दुसरेच केले, हे त्यांतून दिसत होते. सरकारने छपाई रोखली. 30 जूनला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 अशा निकालाने ती मोकळी केली.

ही कथा आज अशी सांगितली जाते, की सत्य बाहेर आले, देश हादरला आणि युद्ध संपले. घडले ते बरेच निराळे. पहिल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना या बातमीचे फारसे काही वाटले नाही. बदनामी होणार ती आधीच्या केनेडी आणि जॉन्सन यांची, असा त्यांचा हिशेब होता. जनमत तर आधीच फिरलेले होते. गॅलपच्या मे 1971 च्या पाहणीत 61 टक्के लोक युद्ध ही चूकच मानत होते. कागदपत्रांनी लोकांना नवे मत दिले नाही, जुन्या संशयावर सरकारी शिक्का मारून दिला. आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1972 मध्ये, त्याच लोकांनी निक्सन यांना 50 पैकी 49 राज्यांत विजयी केले.

एल्सबर्ग यांच्यावरील आरोपांची कमाल शिक्षा 115 वर्षे होत होती. ते सुटले, पण जनतेच्या प्रेमामुळे नव्हे. निक्सन यांच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला होता. अब्रूला डाग लागेल असे काही सापडते का, हे त्यांना पाहायचे होते. हे उघड झाल्यावर 11 मे 1973 रोजी न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला. कुलूप फोडायला पाठवताना सत्तेने लोकमानसाचा अचूक अंदाज बांधला होता. कागद खोटे ठरवता येत नसतील तर माणूस वेडा ठरवावा. चर्चा फायलीवरून पलंगावर न्यावी. पुढच्या पन्नास वर्षांत स्नोडेनची मैत्रीण, विकिलीक्स या संकेतस्थळाला लष्करी कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंगची लैंगिक ओळख, विकिलीक्सचे संस्थापक असांज यांची दूतावासातली राहणी यांवर जी शाई खर्च झाली ती पाहता हा डाव जुना झालेला नाही. आणि तो चालतो, कारण वाचक खेळायला तयार असतो. सात हजार पाने वाचण्यापेक्षा एका माणसाचा स्वभाव वाचणे सोपे, आणि खरे सांगायचे तर जास्त रंजकही.

एल्सबर्ग 2023 मध्ये वारले तेव्हा ते जवळपास सर्वमान्य झाले होते. मधल्या काळात एक गंमत झाली. स्नोडेनवर टीका करताना अनेक प्रतिष्ठित लेखकांनी एल्सबर्ग यांना ‘चांगला जागल्या’ म्हणून पुढे केले: ते पळाले नाहीत, न्यायालयाला सामोरे गेले. एल्सबर्ग यांनीच जुलै 2013 मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहून ही तुलना मोडून काढली. आपण जामिनावर मोकळे फिरून बोलू शकलो तो देश आता राहिलेला नाही, स्नोडेन देश सोडून गेला ते त्याने बरोबरच केले, असे त्यांचे म्हणणे होते. कालचा देशद्रोही आजच्या देशद्रोह्याला मोजायची पट्टी बनतो, हा या क्षेत्रातला जवळजवळ नियमच आहे.

त्याच काळातली दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. मार्च 1971 मध्ये काही सामान्य नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावातील एफबीआयची कचेरी फोडली आणि नागरिकांवरच्या पाळतीच्या फायली वर्तमानपत्रांना पाठवल्या. ते कधीच पकडले गेले नाहीत. त्यांतल्या बहुतेकांची नावे जगाला 2014 मध्ये कळली. माणूस समोर नसल्याने चर्चा पाळतीवरच राहिली. 1972 मध्ये टस्कीगी प्रकरण फुटले. सार्वजनिक आरोग्य सेवेने 1932 पासून उपदंश झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसते ‘अभ्यासले’ होते. ते बाहेर काढणारे पीटर बक्स्टन यांना कोणी देशद्रोही म्हटले नाही. गुपितावर ‘राष्ट्रीय सुरक्षा’ अशी चिठ्ठी नव्हती. तेवढी चिठ्ठी नसली की लोकांचा विवेक किती लवकर जागा होतो!

ब्रिटनमध्ये हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला गेला, किंवा टाळला गेला. 1982 च्या फॉकलंड युद्धात बुडवलेल्या जनरल बेल्ग्रानो या अर्जेंटिनाच्या युद्धनौकेबाबत सरकार संसदेला खरे सांगत नाही, असे दिसल्यावर क्लाइव्ह पाँटिंग या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने कागद एका खासदाराला पाठवले. खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरींना जवळजवळ बजावलेच, की राज्याचे हित म्हणजे सत्तेवरील सरकार सांगेल ते हित. ज्युरींनी फेब्रुवारी 1985 मध्ये पाँटिंग यांना निर्दोष सोडले. पाहणीत मत देणाऱ्याने काही वाचलेले असण्याची गरज नसते. या बारा जणांनी सगळे ऐकले होते. सरकारने यातून धडा घेतला आणि 1989 च्या नव्या कायद्यात लोकहिताच्या बचावाची वाटच बुजवून टाकली. पुढे इराक युद्धाआधी संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्याची अमेरिकेची विनंती फोडणाऱ्या कॅथरीन गन यांच्यावरचा खटला 2004 मध्ये सरकारी पक्षाने पुरावा न देताच सोडून दिला. पुन्हा बारा माणसांसमोर जायची जोखीम नको वाटली असावी, असे मला वाटते.

याच्या नेमके उलटे चित्र इस्रायलचे. अणुकेंद्रात काम केलेले तंत्रज्ञ मोर्दखाय वानुनू यांनी 1986 मध्ये लंडनच्या संडे टाइम्सला दिमोना अणुकेंद्राची माहिती आणि छायाचित्रे दिली. त्यांना फूस लावून रोमला नेले, तिथून पळवून मायदेशी आणले. 18 वर्षांचा तुरुंगवास, त्यातली 11 हून अधिक वर्षे एकांतात. युरोपात त्यांचे नाव शांतता पुरस्कारांसाठी सुचवले जात होते, आणि मायदेशी बहुसंख्यांच्या लेखी ते खाल्ल्या घरचे वासे मोजणारे होते. आपण वेढलेले आहोत ही भावना ज्या समाजात रोजची आहे, तिथे गुपित हे सरकारचे राहत नाही, घरचे होते.

अभ्यासकांनी हे सगळे आपापल्या चष्म्यातून पाहिले आहे. मानसशास्त्रज्ञांचा एक गट न्यायबुद्धी आणि निष्ठा यांच्या रस्सीखेचीतून उत्तर शोधतो. अ‍ॅडम वेट्झ आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रयोगांतून दाखवले, की लोकांच्या मनात न्यायाला महत्त्व दिले तर बोलण्याची तयारी वाढते, निष्ठेला दिले तर घटते. हे पटते, पण अपुरे वाटते. कारण निष्ठा कोणाशी, राज्याशी की पक्षाशी, हा खरा वादाचा मुद्दा आहे. राजकीय तत्त्वचिंतकांत राहुल सागर यांचे 2013 चे ‘सीक्रेट्स अँड लीक्स’ हे पुस्तक मला सर्वांत प्रामाणिक वाटते. गुप्तता लोकशाहीला लागते, तिचा गैरवापरही होतो, आणि तो रोखायला न्यायालये व संसद पुरी पडत नाहीत, म्हणून जागल्या अटळ आहे; पण त्याच्यावर तरी कोणाचा अंकुश, असा पेच ते उभा करतात आणि सोपी सुटका देत नाहीत. तिसरी वाट समाजशास्त्राची. फ्रेड अल्फर्ड यांनी जागल्यांच्या पुढच्या आयुष्याचा मागोवा घेतला आणि मोडलेली घरे, गेलेल्या नोकऱ्या, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहणारी माणसे एवढेच त्यांच्या हाती लागले. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी त्यांना नोकरी दिली नव्हती.

पक्षनिष्ठेची गोष्ट वर आली ती आकड्यांत पाहावी. अमेरिकी सरकारच्या पाळतीचा कार्यक्रम मान्य आहे का, हे 2006 मध्ये बुश सत्तेवर असताना विचारले तेव्हा 75 टक्के रिपब्लिकन आणि 37 टक्के डेमोक्रॅट हो म्हणाले. 2013 मध्ये ओबामा असताना रिपब्लिकन 52 वर उतरले, डेमोक्रॅट 64 वर चढले. प्रश्नाचे शब्द थोडे वेगळे होते हे मान्य. पण एवढी उलथापालथ शब्दांनी होत नाही. विकिलीक्सच्या बाबतीत हेच अधिक उघडपणे घडले. ऑक्टोबर 2016 मध्ये प्रचारसभेत ट्रम्प विकिलीक्सवरचे प्रेम जाहीर करत होते; एप्रिल 2017 मध्ये त्यांनीच नेमलेले सीआयएप्रमुख तिला शत्रुवत गुप्तहेर संस्था म्हणत होते.

मग उघडकीचा उपयोग झाला नाही का? झाला, पण तो न्यायालयांत आणि कायद्यात झाला. मे 2015 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने दूरध्वनी नोंदींचा घाऊक संग्रह कायद्यात बसत नाही असे ठरवले, आणि जूनमध्ये संसदेने तो आवरणारा कायदा केला. जुलैमध्ये स्नोडेनला माफी द्या ही लाखाहून अधिक सह्यांची मागणी व्हाइट हाउसने फेटाळली. दोन महिन्यांत गुपित कायद्यात सामावले गेले आणि माणूस मॉस्कोतल्या आश्रयातच राहिला.

आता आपल्या अंगणात. गार्डियनने जून 2013 मध्ये छापलेल्या नकाशानुसार अमेरिकी पाळतीच्या यादीत भारत पाचवा होता. मार्च 2013 या एका महिन्यात इथून 630 कोटी माहितीतुकडे गोळा झाले होते. जर्मनीत अशा बातमीवर मोर्चे निघाले. भारतात परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी ही काही हेरगिरी नव्हे, असा खुलासा केला आणि 2 जुलैला स्नोडेनचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला. रस्त्यावर कोणी आले नाही. परक्या सरकारने आपले फोन मोजले तरी आपल्याला राग का येत नाही, यावर या पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे. माझा स्वतःचा कयास असा, की ज्याला तहसील कचेरीत स्वतःचा सातबारा मिळवायला खेपा घालाव्या लागतात, त्याला खासगीपणाच्या हानीपेक्षा अडवणुकीची हानी जास्त जाणवते.

म्हणूनच आपल्याकडचा जागल्या बहुधा रणनीतीची गुपिते फोडत नाही; तो रस्ता, जमीन, रेशन यांचे कागद काढतो. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीचा प्रकार ठरवला. त्यानंतर उसळलेल्या संतापातून 2004 मध्ये तक्रारदारांचे नाव गुप्त ठेवण्याची सोय केंद्रीय दक्षता आयोगाकडे आली. महाराष्ट्राने तर अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीच, माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. तरीही जमीन व्यवहारांचे कागद बाहेर काढणारे सतीश शेट्टी 13 जानेवारी 2010 ला तळेगाव दाभाडे इथे सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले. कागद मिळण्याची सोय झाली, कागद मागणाऱ्याची झाली नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो लागू करणारी अधिसूचना निघाली नाही. उलट तो पातळ करणारे विधेयक 2015 मध्ये लोकसभेने मंजूर केले होते.

संरक्षण व्यवहारांत आपली तऱ्हा आणखी वेगळी. बोफोर्स तोफांच्या व्यवहाराने 1987 पासून देश ढवळून काढला आणि 1989 च्या निवडणुकीत सत्ता पालटायला हातभार लावला. पण कागद देणारे स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रोम हे स्वतः 2012 मध्ये पुढे आले तेव्हा ती बातमी काही दिवसांत विझली. राफेल विमानखरेदीच्या वादात, मार्च 2019 मध्ये, महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की कागद चोरीला गेले आहेत. 10 एप्रिलला न्यायालयाने ते कागद विचारात घेण्यावरचा आक्षेप फेटाळला. बाहेर मात्र कागदात काय आहे याऐवजी ते कोणत्या पक्षाला सोयीचे आहेत यावर वाद रंगला, आणि तो निवडणुकीत विरून गेला.

जिथे पाहण्या घेता येत नाहीत आणि मतपेटीलाही अर्थ नाही, तिथे लोक काय करतात? चीनमधल्या वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी डिसेंबर 2019 च्या अखेरीस सहकाऱ्यांना नव्या आजाराबद्दल सावध केले. पोलिसांनी त्यांना समज दिली. 7 फेब्रुवारी 2020 ला त्याच आजाराने ते गेले. वेइबो या समाजमाध्यमावरच्या त्यांच्या अखेरच्या नोंदीखाली लोक पुढे कित्येक महिने लिहीत राहिले: हवापाण्याबद्दल, परीक्षेबद्दल, एकटेपणाबद्दल. संकट प्रत्येकाच्या नाकातोंडापर्यंत आले होते, म्हणून इथे माणूस परका झाला नाही.

या विषयाची निकड आता वाढली आहे. पूर्वी सात हजार पानांना रात्रीच्या रात्री लागत. आज लाखो कागद खिशात मावतात. मॅनिंगने विकिलीक्सला सुमारे साडेसात लाख दस्तऐवज दिले होते. एवढा ढीग कोणी वाचत नाही, त्यामुळे निवाडा अधिकाधिक माणसावरच होऊ लागला आहे. आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम आणखी आवळले. सरळ मार्गाने मिळणारे कागद कमी झाले की आडमार्गाने येणारे वाढतात, आणि त्यांच्याबरोबर आपल्याला वाचक म्हणून पडणारे प्रश्नही.

या संग्रहात जागल्यांचे पोवाडे नाहीत. काहींच्या कृतीने निरपराधांना धोका झाला असेल, काहींचे हेतू संमिश्र होते. वॉटरगेट प्रकरणात पत्रकारांना गुप्तपणे माहिती पुरवणारा मार्क फेल्ट स्वतः एफबीआयप्रमुखपदासाठी डावलला गेलेला होता, हेही इथे मांडले आहे. लेखकांचे आपसात एकमत नाही. स्नोडेनने देशात राहून खटला लढवायला हवा होता असे मानणारा लेख आणि तसे न मानणारा लेख शेजारी छापले आहेत, आणि संपादक म्हणून मी त्यांत समेट घडवलेला नाही. खासगी कंपन्यांतले जागल्ये वगळले, कारण तिथे देशद्रोहाचा शिक्का हाताशी नसतो आणि प्रतिक्रियेचे गणितच बदलते.

परदेशी प्रकरणांसाठी जनमत पाहण्या मुबलक होत्या. भारतीय लेखांत आम्हाला जुन्या वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रे, संसदेतल्या चर्चा आणि खटल्यांची कागदपत्रे यांवर विसंबावे लागले. हा पुरावा तोकडा आणि एकांगी आहे. वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा माणूस साऱ्या गावाचे मत सांगत नसतो. त्यामुळे भारतीय भागातले निष्कर्ष इतरांपेक्षा सैल हाताने लिहिले आहेत. ज्यांना ते घट्ट करायचे आहेत त्यांनी जिल्हा पातळीवरच्या मराठी दैनिकांपासून सुरुवात करावी. त्या अंकांत आम्हाला जेमतेम शिरता आले आहे.